उपग्रहांच्या काळात ताऱ्यांचा वेध कशासाठी?

अक्षांश-रेखांशाचा पाठ संपला, की वर्गातला एखादा चुणचुणीत विद्यार्थी हमखास विचारतो, ‘सर, हे तर मोबाइलवर दिसतं. मग ध्रुवताऱ्याचा कोन कशाला मोजायचा?’ प्रश्न उद्धटपणाचा नाही, रास्त आहे. ‘अभ्यासक्रमात आहे म्हणून’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

हाच प्रश्न आज दुसरीकडेही विचारला जातो. शिडाच्या लहान नौका घेऊन हौसेने समुद्रावर जाणाऱ्या मंडळींमध्ये त्यावर बराच वाद आहे. हातातल्या यंत्राचे बटण दाबताच काही मीटरांच्या अचूकतेने आपले स्थान कळत असेल, तर सेक्स्टंट, नाविक पंचांग आणि आकडेमोड यांचे ओझे कशासाठी वाहायचे?

चांदूर बाजारपासून समुद्र पाचशे कि.मी.हून दूर आहे. विश्रोळीच्या पूर्णा प्रकल्पाचे पाणी हाच आमचा सर्वांत जवळचा समुद्र! तरीही या वादाचा निवाडा आपल्या शाळेच्या पटांगणावर बऱ्याच अंशी करता येतो. तो कसा, ते पाहू या. त्याआधी प्रत्यक्ष समुद्रावर काय घडले आहे ते थोडक्यात पाहू.

मुंबईत बांधलेली नौका

‘सुहैली’ ही ३२ फुटी सागवानी नौका १९६३-६४ च्या सुमारास मुंबईत कुलाब्याला बांधली गेली. तिचा मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवरील तरुण अधिकारी. १४ जून १९६८ रोजी तो इंग्लंडमधील फालमथ बंदरातून तिच्यातून एकटाच निघाला आणि कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजी परतला. असे करणारा तो पहिला माणूस. वाटेत त्याचा रेडिओ निकामी झाला व कित्येक महिने तो कोठे आहे हे जगाला ठाऊक नव्हते. त्याला स्वतःला मात्र ते ठाऊक होते, कारण त्याच्याजवळ सेक्स्टंट, घड्याळ आणि पंचांग होते.

भारतीय नौदलातील दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ‘म्हादेई’ या नौकेतून चार बंदरांत थांबे घेऊन एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. पुढे अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये त्याच नौकेतून न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केली. म्हादेई गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली. या दोन्ही सफरींत उपग्रहांवर चालणारी स्थाननिश्चितीची यंत्रे होतीच.

नॉक्स-जॉन्स्टनच्या सफरीला ५० वर्षे होत आली तेव्हा, म्हणजे २०१८ मध्ये, ‘गोल्डन ग्लोब’ ही शर्यत पुन्हा भरवण्यात आली. तिची मुख्य अट अशी, की साधने १९६८ सालच्या धर्तीचीच हवीत. मार्ग काढण्यासाठी उपग्रहयंत्र वापरायचे नाही. सूर्य-ताऱ्यांचे वेध घ्यायचे आणि कागदी नकाशावर रेघा मारायच्या. संकटासाठी म्हणून एक यंत्र मोहोरबंद पेटीत दिलेले असे. ते उघडले की स्पर्धक मूळ शर्यतीतून बाद. अभिलाष टॉमी त्यात ‘तुरिया’ घेऊन उतरले. ही नौका गोव्यातच बांधलेली, सुहैलीचीच प्रतिकृती.

२१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरातील वादळात तुरियाची डोलकाठी मोडली आणि टॉमी यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. त्यांना उठताही येत नव्हते. भारतीय नौदलाच्या विमानाने नौका शोधून काढली आणि २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच गस्ती जहाजाने त्यांची सुटका केली. आयोजकांनी नौकेवर बसवलेले यंत्र उपग्रहामार्फत तिचे स्थान सतत कळवत होते, म्हणूनच हे शक्य झाले. पुढे २०२२ च्या शर्यतीत टॉमी पुन्हा उतरले आणि २३६ दिवसांनी, २९ एप्रिल २०२३ रोजी, दुसऱ्या क्रमांकाने परतले.

या हकिगतीतून आपल्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसतात. केवळ आकाशाच्या आधाराने माणूस आजही पृथ्वीभोवती जाऊ शकतो. पण पाठ मोडून पडलेल्या माणसाला सेक्स्टंट वाचवू शकत नाही. ते काम उपग्रहाचे. तेव्हा ‘जुने ते सोने’ असे म्हणून ही चर्चा संपवता येत नाही.

वेध म्हणजे अंतराची मोजणी

वेधांचे तत्त्व साधे आहे. कोणत्याही क्षणी सूर्य किंवा एखादा तारा पृथ्वीवरच्या एका ठिकाणी बरोबर डोक्यावर असतो. त्या ठिकाणाला आपण त्या ताऱ्याचा ‘भूबिंदू’ म्हणू. भूबिंदूपासून जसजसे दूर जावे, तसतसा तारा डोक्यावरून क्षितिजाकडे कलतो. ६० सागरी मैल दूर गेलो तर १ अंश, १२० मैल गेलो तर २ अंश. सागरी मैल ठरवलाच आहे तसा: अक्षांशाचे १ मिनिट म्हणजे १ सागरी मैल, १,८५२ मीटर.

म्हणजे तारा डोक्यावरून किती अंश कललेला आहे हे मोजले, की आपण त्याच्या भूबिंदूपासून किती दूर आहोत ते कळते. त्या बिंदूभोवती तेवढ्या अंतराचे वर्तुळ काढले तर आपण त्या वर्तुळावर कोठेतरी आहोत. दुसऱ्या ताऱ्याचा वेध घेतला की दुसरे वर्तुळ मिळते. दोन्ही वर्तुळे जेथे छेदतात तेथे आपण. छेद दोन असतात, पण ते बहुधा एकमेकांपासून हजारो मैल दूर असल्याने गोंधळ होत नाही. कोणता भूबिंदू कोणत्या क्षणी कोठे असेल ते नाविक पंचांगात दिलेले असते. म्हणून तीन गोष्टी लागतात: कोन मोजण्याचे साधन, घड्याळ आणि पंचांग.

समुद्रावर कोन मोजायला सेक्स्टंट वापरतात. त्यातील दोन आरशांमुळे सूर्याचे प्रतिबिंब क्षितिजाच्या रेषेवर ‘उतरवून’ दिसते, त्यामुळे हलणाऱ्या नौकेवरही कोन वाचता येतो. आपल्या पटांगणावर जमीन हलत नाही, तेव्हा आपले काम गवंड्याचा ओळंबा आणि कोनमापक यांवर भागते.

शिवाय चांदूर बाजारला आपल्याला एक फायदा आहे. नाविकाला आपले स्थान ठाऊक नसते. आपल्याला ते ठाऊक आहे. अक्षांश सुमारे २१.२४ अंश उत्तर, रेखांश सुमारे ७७.७५ अंश पूर्व. म्हणून आपण स्थान शोधत नसून आपली मोजणी किती चुकते ते शोधत असतो. शिकण्याच्या दृष्टीने हे जास्त मोलाचे आहे.

सावलीवरून अक्षांश

सपाट जागेवर, पाणसळ लावून जमीन समतल आहे याची खात्री करून, १०० सें.मी. उंचीची काठी ओळंब्याने सरळ उभी करा. माध्यान्हीच्या आसपास दर दोन-तीन मिनिटांनी सावलीचे टोक खडूने टिपा. सर्वांत आखूड सावली ही माध्यान्हीची सावली.

२२ डिसेंबरला चांदूर बाजारात ही सावली सुमारे ९८.९ सें.मी. भरते, म्हणजे जवळजवळ काठीइतकीच. यावरून सूर्य डोक्यावरून ४४.७ अंश दक्षिणेला कललेला आहे असे निघते. त्या दिवशी सूर्याचा भूबिंदू मकरवृत्तावर, २३.४ अंश दक्षिणेस असतो. ४४.७ मधून २३.४ वजा केले की २१.३ अंश उत्तर हा आपला अक्षांश मिळतो. खऱ्या अक्षांशापेक्षा जरासा जास्त, तो आकडे दशांशाच्या पहिल्या स्थळापर्यंतच घेतल्यामुळे. त्याच सावलीने आपण आणखी एक गोष्ट मोजली: मॉरिशसच्या पूर्वेस भर समुद्रात, जेथे त्या क्षणी सूर्य डोक्यावर होता, ते ठिकाण आपल्यापासून जवळजवळ ५,००० कि.मी. दूर आहे.

वर्षातल्या इतर दिवसांची सावलीही तपासून पाहता येईल. २२-२३ सप्टेंबरच्या सुमारास ती ३८.९ सें.मी.च्या आसपास असते. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आणि जुलैच्या मध्यास एकेक दिवस असा येतो, की माध्यान्ही सावली पडतच नाही. २१ जूनला तर सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि सुमारे ३.८ सें.मी.ची सावली दक्षिणेकडे पडते. अर्थात जून-जुलैचे दिवस पावसाळ्याचे. ढग आले की मोजणी बंद. नाविकाची अडचणही नेमकी हीच.

आता चुकीकडे वळू. सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी आहे, त्यामुळे सावलीचे टोक धूसर असते. समजा, २२ डिसेंबरला आपण सावली १ सें.मी. कमी, म्हणजे ९७.९ सें.मी. मोजली. हिशेब केल्यास अक्षांश सुमारे २०.९५ येतो. नकाशात पाहा, हा अक्षांश अमरावती शहराचा आहे! एका सेंटिमीटरने आपण तीसेक कि.मी. दक्षिणेला गेलो.

घड्याळावरून रेखांश

रेखांशासाठी वेळ हवी. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे. चांदूर बाजार त्याच्या ४.७५ अंश पश्चिमेला आहे. पृथ्वीला १ अंश फिरायला ४ मिनिटे लागतात, म्हणून आपल्याकडे सूर्य १९ मिनिटे उशिरा माध्यान्हीवर येतो. सरासरी माध्यान्ह १२ वाजून १९ मिनिटांनी.

‘सरासरी’ म्हणण्याचे कारण असे, की सूर्य घड्याळाच्या काट्याप्रमाणे अगदी नियमित चालत नाही. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा अक्ष कललेला आहे, म्हणून सूर्य कधी पुढे जातो, कधी मागे राहतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो सुमारे १६ मिनिटे पुढे, तर फेब्रुवारीच्या मध्यास सुमारे १४ मिनिटे मागे असतो. त्यामुळे आपली माध्यान्ह नोव्हेंबरात १२ वाजून ३ मिनिटांच्या आसपास आणि फेब्रुवारीत १२ वाजून ३३ मिनिटांच्या आसपास होते.

सर्वांत आखूड सावलीचा नेमका क्षण डोळ्यांनी पकडणे अवघड असते, कारण त्या वेळी सावलीची लांबी फार हळू बदलते. त्यावर युक्ती आहे. सकाळी सावली विशिष्ट लांबीची असताना वेळ टिपा. दुपारी ती पुन्हा तेवढ्याच लांबीची झाली की वेळ टिपा. या दोन वेळांचा मध्य म्हणजे माध्यान्ह. उदाहरणार्थ, ११ फेब्रुवारीला या वेळा ११ वाजून १३ मिनिटे आणि १ वाजून ५३ मिनिटे अशा आल्या, तर माध्यान्ह १२ वाजून ३३ मिनिटांनी. सूर्याचे मागे राहिलेले १४ मिनिटे वजा करता १२ वाजून १९ मिनिटे. म्हणजे १९ मिनिटांचा फरक. भागिले ४, ४.७५ अंश, आणि ८२.५ वजा ४.७५, ७७.७५ अंश.

येथे घड्याळ १ मिनिट पुढे असेल तर? फरक २० मिनिटांचा येईल आणि रेखांश ७७.५ निघेल. हा रेखांश अचलपूरचा! अचलपूर आपल्या जवळजवळ सरळ पश्चिमेला, हवाई अंतराने सुमारे २५ कि.मी.वर आहे. सावलीतला एक सेंटिमीटर म्हणजे अमरावती आणि घड्याळातले एक मिनिट म्हणजे अचलपूर, एवढे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवले तरी अचूकता या शब्दाचा अर्थ त्यांना वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

उपग्रहही तेच करतो

चांगला सेक्स्टंट आणि सरावाचा हात असेल तर लहान नौकेवरून एक-दोन सागरी मैलांपर्यंत स्थान कळते. उपग्रहयंत्रणेची चूक काही मीटरांची. अचूकतेच्या शर्यतीत तारे केव्हाच हरले आहेत; त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

परंतु तत्त्व पाहिले तर उपग्रहयंत्रणा ही वेधांचीच पणती आहे. सुमारे २०,२०० कि.मी. उंचीवर फिरणारे जीपीएस उपग्रह म्हणजे माणसाने टांगलेले तारे. ते आपले स्थान आणि अणुघड्याळावरची वेळ रेडिओलहरींतून सांगत असतात, म्हणजे पंचांगही तेच पाठवतात. लहर पोचायला किती वेळ लागला यावरून उपग्रहाचे अंतर निघते. येथे वर्तुळांऐवजी गोल छेदतात, इतकाच फरक. आपल्या यंत्रातले घड्याळ अणुघड्याळाइतके चांगले नसते, म्हणून त्याची चूक काढण्यासाठी किमान चार उपग्रह लागतात.

वेळेचे महत्त्व मात्र कितीतरी वाढते. सूर्यवेधात एका सेकंदाची चूक विषुववृत्तावर सुमारे ४६० मीटरांची, कारण तेथे पृथ्वी फिरण्याचा वेग मध्ये येतो. उपग्रहाच्या बाबतीत प्रकाशाचा वेग मध्ये येतो. सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाची चूकही ३०० मीटरांची होते. ज्या विद्यार्थ्याने सावलीचा प्रयोग केला आहे त्याला जीपीएस समजावून सांगायला एक तास पुरतो.

चौतीस तास कोणी पाहिले नाही

मग अचूक यंत्र असताना दुसऱ्या पद्धतीची गरज कोठे भासते? याचे उत्तर ‘रॉयल मॅजेस्टी’ या प्रवासी जहाजाच्या अपघातात आहे.

हे जहाज ९ जून १९९५ रोजी बर्म्युडाहून अमेरिकेतील बोस्टनकडे निघाले. जहाजावर १,५०९ माणसे होती. निघाल्यानंतर थोड्याच वेळात जीपीएसच्या अँटेनाची तार निसटली. उपग्रहांचे संदेश बंद झाले. यंत्र बंद पडले नाही. त्याने जहाजाची दिशा व वेग यांवरून अंदाजाने स्थान दाखवणे सुरू केले. तशी सूचना पडद्यावर बारीक अक्षरांत होती. ती कोणाच्या ध्यानात आली नाही. वारा आणि प्रवाह जहाजाला हळूहळू पश्चिमेकडे ढकलत होते, ते अंदाजात धरलेले नव्हते. सुमारे ३४ तासांनी, १० जूनच्या रात्री, जहाज नॅनटकेट बेटाजवळच्या वाळूत रुतले. तेव्हा ते ठरल्या मार्गापासून १७ सागरी मैल दूर होते. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही.

येथे उपग्रह चुकले नव्हते. निसटली ती एक तार. खरी चूक ही, की पडद्यावरचा आकडा दुसऱ्या कोणत्याही स्वतंत्र मोजणीशी ताडून पाहिला गेला नाही. दुसरी मोजणी १७ मैल अचूक असण्याचीही गरज नव्हती. आकाश मोकळे असेल तर दुपारनंतर पश्चिमेकडच्या सूर्याचा एक वेध, दोन-तीन मैलांच्या चुकीसह का होईना, पश्चिमेकडे सरकल्याचे सांगू शकला असता.

उपग्रहांचे संदेश जमिनीवर पोचतात ते अत्यंत क्षीण होऊन. जवळच्या लहानशा प्रक्षेपकानेही ते दडपता येतात, किंवा खोटे संदेश पाठवून यंत्राला फसवता येते. युद्धाच्या छायेत असलेल्या समुद्रांत गेल्या काही वर्षांत असे प्रकार पुष्कळ घडले आहेत. एकाऐवजी तीन-चार देशांच्या उपग्रहयंत्रणा वापरल्या तरी सर्वांच्या लहरी जवळपासच्या कंप्रतांच्या, सर्व तितक्याच क्षीण आणि बऱ्याचदा एकाच अँटेनातून येणाऱ्या. वीज कोसळली तर नौकेवरची सगळी यंत्रे एकदम जाऊ शकतात. सूर्य-ताऱ्यांशी यांपैकी कशाचाच संबंध नाही, हाच त्यांचा गुण.

अमेरिकेच्या नौदल अकादमीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस वेधांचे शिक्षण आटोपते घेतले होते. २०१५ मध्ये ते पुन्हा सुरू केले. व्यापारी जहाजांवरील नौकानयन अधिकाऱ्यांना आंतरराष्ट्रीय नियमांनुसार वेध घेण्याचे ज्ञान आजही आवश्यक आहे. हौशी नाविकांसाठी ब्रिटनमध्ये दिले जाणारे महासागरी नौकानयनाचे प्रमाणपत्रही सेक्स्टंटचे वेध दाखवल्याशिवाय मिळत नाही.

सर्वांना लागते का?

नाही. मुंबईहून मांडव्याला किंवा अलिबागला शिडाच्या नौकेतून जाणाऱ्याला सेक्स्टंटचा उपयोग फारसा नाही. दोन मैलांची चूक किनाऱ्याजवळ खडकावर नेऊन घालील. त्याने होकायंत्र, कागदी नकाशा, खांदेरीच्या दीपगृहासारख्या ओळखीच्या खुणा आणि पाण्याची खोली यांवर भर द्यावा, बॅटरीवर चालणारे एक जादा उपग्रहयंत्र जवळ ठेवावे. आठवडाभर किनारा न दिसणाऱ्या प्रवासाला निघणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याला दोन मैलांची चूक चालते, पण स्थानच ठाऊक नसणे चालत नाही.

दोघांनाही लागू पडणारी बाब एकच: एका साधनावर विसंबू नये आणि दुसरे साधन पहिल्याच तारेला जोडलेले नसावे. आमच्या मते वेधविद्येचे आजचे महत्त्व या वाक्यात आहे. शिवाय ती आपली चूक झाकत नाही. संध्याकाळी, क्षितिज आणि तारे दोन्ही दिसत असतानाच्या थोड्या वेळात, नाविक तीन ताऱ्यांचे वेध घेतो. नकाशावर तीन रेघा येतात. त्या एका बिंदूत सहसा मिळत नाहीत. त्यांचा लहानसा त्रिकोण होतो. त्रिकोण मोठा आला की आज वेध बिघडले हे त्याला लगेच कळते. पडद्यावरचा आकडा मात्र बरोबर असो वा चूक, सारख्याच ठळकपणे दिसतो.

वर्गासाठी एक प्रयोग

ही गोष्ट विद्यार्थ्यांना स्वतः अनुभवता यावी म्हणून पुढील प्रयोग सुचवतो. कोनमापकाच्या सरळ कडेला पेनाची रिकामी नळी चिकटवा आणि मध्यबिंदूला दोऱ्याने एक वजन टांगा. नळीतून तारा पाहायचा आणि दोरा कोणत्या खुणेवर येतो ते दुसऱ्याने वाचायचे. ९० अंशाच्या खुणेपासून दोरा जितका सरकेल तितकी ताऱ्याची उंची. नळीतून सूर्याकडे मात्र कधीही पाहू नये. डोळ्याला कायमची इजा होते. सूर्यासाठी सावलीचीच पद्धत वापरावी.

फेब्रुवारीच्या पूर्वार्धात रात्री नऊ-साडेनऊच्या सुमारास अगस्त्य तारा दक्षिणेला आपल्या सर्वाधिक उंचीवर असतो. चांदूर बाजारहून ती उंची सुमारे १६.१ अंश. उत्तरेला ध्रुवतारा सुमारे २१.२ अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या साधारण एका वितीवर. (ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा अधिक दूर आहे, पण आपल्या कोनमापकाला तो फरक जेमतेम कळेल.)

आता समजा, नळी तिरकी चिकटल्यामुळे आपले साधन प्रत्येक वेळी १ अंश जास्त दाखवते. ध्रुवाची उंची २२.२ येईल आणि तोच अक्षांश समजला, तर आपण बैतूल ओलांडून सातपुड्यात पोचलो. अगस्त्याची उंची १७.१ येईल. त्याचा भूबिंदू ५२.७ अंश दक्षिणेस असतो, म्हणून ९० मधून ५२.७ आणि १७.१ वजा करता अक्षांश येईल २०.२. म्हणजे आपण दारव्ह्याच्याही दक्षिणेस! एकाच साधनाने, एकाच रात्री, २ अंशांचा फरक. दोन्हींची सरासरी काढा: २१.२.

साधन सदोष असूनही उत्तर बरोबर आले, कारण एक तारा उत्तरेचा होता आणि दुसरा दक्षिणेचा. एकाने चूक उत्तरेकडे ढकलली, दुसऱ्याने तितकीच दक्षिणेकडे. नाविक समोरासमोरच्या दिशांचे तारे निवडतात ते याचसाठी. केवळ ध्रुवाचा वेध दहा वेळा घेऊन सरासरी काढली असती, तर दहाही वेळा उत्तर सातपुड्यातच राहिले असते. तीच मोजणी पुन्हा पुन्हा करणे वेगळे आणि स्वतंत्रपणे पडताळणे वेगळे, हा फरक येथे पाच मिनिटांत ध्यानात येतो.

प्रयोग झाल्यावर मोबाइल जरूर काढू द्यावा. त्यातले अक्षांश-रेखांश फळ्यावर लिहावे, शेजारी विद्यार्थ्यांचे उत्तर लिहावे, आणि दोन्हींखाली प्रत्येकाची संभाव्य चूक लिहायला सांगावी. स्वतःच्या उत्तराखाली ती त्यांना लिहिता येईल: सावलीतले एक सेंटिमीटर, घड्याळातले एक मिनिट, नळीतला एक अंश. मोबाइलच्या उत्तराखाली काय लिहायचे, हा प्रश्न त्यांना पडू द्यावा. ‘सर, हे तर मोबाइलवर दिसतं’ असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला पुढचा तास त्यावरच बोलायला सांगावे.